कृपया संपर्क साधावा

कणसे नाना फोनवर कधीच 'हॅलो' म्हणत नाहीत. पलीकडून आवाज आला की छाती पुढे काढतात आणि गरजतात, "कोन हाय? वळख द्या!" फोन यांनीच लावलेला असतो, आणि ओळख मात्र समोरच्यानं द्यायची.

नाना सैन्यात सिग्नलमध्ये, वायरलेसवर होते. निवृत्त होऊन पाटणला आले आणि आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात सहायक म्हणून लागले. मी इथली ग्रंथपाल, माहेर सांगलीचं. ग्रंथालय म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. म्हातारे पेपर वाचायला येतात, स्पर्धा परीक्षावाली पोरं पंख्याखालची जागा धरायला येतात, आणि पुस्तकं नेमानं वाचते ती वाळवी. अशा या संस्थेनं सॉफ्टवेअर घेतलं. गळकं छप्पर तसंच राहिलं. पुस्तकाची मुदत संपली की सभासदाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जाणार, या आनंदात अध्यक्षांनी नारळ फोडला, तोही बाहेर पायरीवर, कारण कॉम्प्युटरवर पाणी उडेल.

आता मेसेज जायचा तर नंबर हवेत. सॉफ्टवेअरची परीक्षा सोपी होती. आकडे दहा, पहिला आकडा सहा किंवा त्याच्या पुढचा, आणि तोच नंबर दुसऱ्या कुणाच्या नावावर नको. एवढं जमलं की हिरवी खूण. एका प्राध्यापकांनी नवापासून शून्यापर्यंतचे सगळे आकडे उतरत्या क्रमानं लिहून दिले होते. त्यांना मेसेज नको होते. सॉफ्टवेअरनं त्यांना आनंदानं हिरवी खूण दिली. वरच्या वाड्यांमध्ये रेंज नाही, म्हणून तिथल्या साऱ्या सभासदांनी एसटी स्टँडवरच्या चहावाल्याचा नंबर दिला होता. संध्याकाळच्या गाडीला माणसं जमली की तो निरोप ओरडून सांगतो, आणि निरोप पोचतो. त्यांना मात्र सॉफ्टवेअरनं लाल फुली मारली. खोट्याला पास आणि खऱ्याला नापास करायला आपल्याकडे आजवर माणसं लागत होती, तेवढा खर्च वाचला.

नाना खवळले. "आवं मॅडम, आकडं बरोबर असून काय उपेग? त्येच्या मागं मानूस हाय का बगाय नको?" आणि त्यांनी प्रत्येक नंबरला फोन लावायला सुरुवात केली. रोज दुपारी, टेबलाशी ताठ बसून.

गावात हाहाकार उडाला. हल्ली अनोळखी फोन म्हणजे बँक लुटणारा, हे पोरासोरांनाही पाठ आहे. एक निवृत्त मुख्याध्यापिका किंचाळल्या, "ओटीपी देणार नाही!" नाना त्यांच्या वरताण ओरडले, "वटीपी घाला चुलीत, वळख द्या!" बाईंनी तक्रार केली. हवालदार चौकशीला आला. नानांनी आधी त्याचीच ओळख घेतली, नाव सॉफ्टवेअरमध्ये शोधलं, तर त्याच्याच नावावर कधीची थकलेली एक रहस्यकथा निघाली. हवालदार चहासुद्धा न घेता गेला. पुस्तक अजून आलेलं नाही.

एकदा उचलला नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शिव्या खाल्ल्या तरी हा माणूस पलीकडून कुणी बोलल्याशिवाय नंबर पास करायचा नाही. कार्यकारिणीत मला बोलणी बसली. मी नानांना चार शब्द सुनावले. "लय झालं तर शिव्या दील की," ते म्हणाले. "शिवी दिली म्हंजी मानूस जित्ता हाय."

आणि असं असताना एक नंबर त्यांनी फोन न लावताच पास केलेला मला सापडला. नाव होतं सचिन कणसे. त्याच्या नावावर शेळीपालनाचं पुस्तक गेलेलं, मुदत केव्हाच टळलेली, आणि सॉफ्टवेअर इमानेइतबारे दर सोमवारी त्याला मेसेज पाठवत होतं.

"नाना, हा कोण?"

"पोरगा हाय माजा."

"मग पुस्तक परत का येत नाही?"

"माज्या पिशवीत हाय ते," नाना म्हणाले. "मीच नेलंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सैन्यभरतीच्या मैदानावरून पोरगा धावणं अर्धवट सोडून घरी आला होता. नाना पारावर चार माणसांत म्हणाले, "ह्येला मी वळखत न्हाई." पोरानं ते शब्दशः धरलं. तो सांगलीजवळ कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, लग्न केलं, कळवलं नाही. मुलगी झाली तेही नानांना स्टँडवरच्या चहावाल्याकडून कळलं. नानांनी फोन लावला की आवाज ऐकून तो कट करायचा. मग त्यानं नंबर ब्लॉक केला, नंतर बदललाच. नवा नंबर नानांनी त्याच्या मित्राकडून मिळवला, पोराचं शाळेत असतानाचं ग्रंथालयाचं सभासदत्व स्वतः चालू केलं, त्याच्या नावावर पुस्तक नेलं आणि पुढचं मेसेजवर सोडून दिलं.

"पाटणहून कुपवाड म्हणजे काय परदेश आहे का?" मी म्हटलं. "उठायचं आणि जायचं."

"गेलतो की. गेटावर वाचमननं इचारलं, कोन आलंय म्हनून सांगू? मला सांगाय आलं न्हाई. परत आलो."



"मेसेजचं वाक्य झ्याक हाय बगा," ते पुढे म्हणाले. "'कृपया संपर्क साधावा.' मला असं बोलाय येत न्हाई. फौजंत कुनी शिकवलं न्हाई."

नियमानं मी ते पुस्तक तिथल्या तिथे जमा करून घ्यायला हवं होतं. केलं नाही. नियम पाळून या ग्रंथालयाचं कुठं सोनं झालं आहे? मेसेज जात राहिले.

गेल्या महिन्यात ग्रंथालयाचा फोन वाजला. नाना समोरच पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. मी उचलला.

"मॅडम, कुपवाडवरनं बोलतोय, सचिन कणसे. तुमचे सारखे मेसेज येतात. मी काही पुस्तक आणलेलं नाही. माझा नंबर काढून टाका."

मी फोन स्पीकरवर टाकला. नानांच्या हातातली कात्री थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. बोलायचं नाही, असं.

काहीतरी विचारायला हवं म्हणून मी थाप मारली. "नंबर काढायचा तर थोडी माहिती भरावी लागते. घरात कोण कोण असतं?"

"बायको, मुलगी आणि मुलगा. मुलगा आत्ताच झालाय, पंधरवडा होईल."

नानांनी टेबलाची कड धरली. नातू झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आणखी कोणी?" मी मुद्दाम विचारलं. "वडीलधारं?"

"न्हाई." पोराची गावची बोली एकदम वर आली. "एवढीच मानसं. काढताय न्हवं नंबर?"

"काढते," मी म्हटलं. फोन बंद झाला.

मला त्या पोराचा राग आला. नानांचा त्याहून जास्त आला. एका वाक्यासाठी इतकी वर्षं घालवणारे हे दोघे बापलेक एकाच मातीचे, आणि त्या मातीला पाणी कधी लागलंच नाही.

नाना उठून कॉम्प्युटरपाशी आले. माउस त्यांनी स्वतः हातात घेतला. सॉफ्टवेअरनं विचारलं, नंबर नक्की काढायचा का? त्यांनी 'हो' दाबलं. मग पिशवीतून शेळीपालनाचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पुन्हा कव्हरं घालायला बसले.

"मॅडम," ते खाली बघूनच म्हणाले, "नातवाचं नाव इचाराय पायजे हुतं वं."

नंबर फोनमध्ये अजून होता. मी हात पुढे केला, तर नानांनी आपला पंजा फोनवर ठेवला.

"नगं," ते म्हणाले. "त्यो नगं म्हनलाय."