पीनट बटरची अर्धी बरणी

ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला, दुपारच्या गाडीने, एल्डन प्रूइट नावाचा स्वयंसेवक गाव सोडून कायमचा गेला. निरोपाला अख्खी शाळा लोटली होती, भाषणं झाली, चारजण रडले आणि प्रवास सुखाचा व्हावा म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे गाडीमागे पळीने दूध शिंपडण्यात आलं. हे सगळं झालंच नाही, असं समजून पुढे वाचावं. गावात मात्र ते सगळं झालं, असंच धरून चालतात.

तर एल्डन गावातच होता आणि त्याचा दात दुखत होता.

मंगोलियातल्या त्या तालुक्याच्या गावात एका स्वयंसेवी संस्थेचे पाच परदेशी स्वयंसेवक होते. एल्डन शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि त्सेंदमा नावाच्या मावशींच्या अंगणातल्या गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल घरात, राहायचा. दात तुटला तो मावशींच्या आरूलवर. आरूल म्हणजे छपरावर वाळवलेलं दही. ते इतकं वाळवतात की वेळ पडल्यास त्याने खिळा ठोकता यावा. मावशींच्या आरूलला उन्हाळी जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि त्याचं प्रशस्तिपत्र चुलीच्या वर टांगलेलं होतं. त्या प्रशस्तिपत्राखाली मांडी घालून ‘तुमच्या आरूलने माझा दात तुटला’ असं सांगणं एल्डनला शक्य नव्हतं. दाताचा तुकडा त्याने आरूलबरोबरच गिळला.

“झकास झालंय, मावशी.”

“मग लाजतोस काय? अजून घे.”

त्याने घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने राजधानीत संस्थेच्या डॉक्टरांना फोन करून दात दाखवायची वेळ ठरवली; जाऊन-येऊन तीन दिवस लागणार होते. स्वयंसेवकांच्या तब्येतीची माहिती गुप्त ठेवायची असा संस्थेचा कडक नियम होता. त्यामुळे एल्डनचा दात ही त्या अख्ख्या संस्थेतली एकमेव गुप्त राहिलेली गोष्ट ठरली.

तुटलेल्या दातात पीनट बटर अडकायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून त्याने अर्धी उरलेली बरणी लोर्नाला देऊन टाकली. लोर्नाही स्वयंसेविका; ती गावच्या दवाखान्यात काम करायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे स्वयंसेवक एकमेकांना पांघरूण देतील, औषध देतील, वेळ आली तर रक्तही देतील. पीनट बटर देणार नाहीत. ते घरून पार्सलने येतं, दीड महिन्याने येतं आणि कपाटात कुलपात राहतं. आजवर एकाच व्यक्तीने आपली बरणी दुसऱ्याला दिली होती. तिचं नाव कोरिन. पाचव्या दिवशी ती मायदेशी जाणाऱ्या विमानात होती.

लोर्नाने बरणी दोन्ही हातांनी घेतली. “एल्डन, तू बरा आहेस ना?”

“एकदम. जरा राजधानीत काम आहे, सोमवारी जाऊन येतो.”

“कसलं काम?”

एल्डनने विचार केला. लोर्नाला सांगितलं की दवाखान्यात कळणार, दवाखान्यात मावशींची भाची नर्स. “असंच,” तो म्हणाला.

लोर्नाचे डोळे भरून आले. तो वळून दहा पावलंही गेला नसेल, तोवर तिने फोन काढला होता.

वास्तविक एल्डनला गाव सोडून जायचं नव्हतं. आयुष्यात त्याने एक कॉलेज, एक गिटार आणि दोन नोकऱ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. विमानतळावर वडील म्हणाले होते, “जा बाबा. तुझी खोली झाडून ठेवतो.” पूर्ण दोन वर्षं काढायची आणि त्या खोलीत पाहुण्यासारखं जायचं, एवढंच त्याला हवं होतं. चौदा महिने झाले होते, दहा राहिले होते.

संध्याकाळी आयव्हर आला. तो संस्थेच्या भाजीपाल्याच्या प्रकल्पावर होता आणि त्याची खोली गावातली सगळ्यात थंड खोली म्हणून प्रसिद्ध होती. त्याने एल्डनला मिठी मारली, मिठी मारता मारताच चुलीकडे पाहिलं आणि खिशातून चिकटपट्टी काढली. एल्डन चहा ओतेपर्यंत बिडाच्या कढईवर ‘आयव्हर’ असं लिहून झालं होतं. कढईत तेव्हा एल्डनचं जेवण शिजत होतं.

“हे काय करतोयस?”

“काही नाही. होऊ दे तुझं सावकाश. जेवण झाल्यावर नेईन.”

“अरे, पण कढई माझी आहे!”

“आहेच ना. म्हणून तर वाटणीत आलीय. चूल मला, कढई मला, जाड पांघरूण लोर्नाला. भांडणं नकोत म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या.”

“मी कुठेही जात नाहीये!”

आयव्हरने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “कोरिनपण असंच म्हणायची. गाडीत बसेपर्यंत म्हणत होती.”

एल्डनने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “कोणाला सांगू नकोस. माझा दात तुटलाय. डॉक्टरकडे चाललोय, बास.”

“दात!” आयव्हर कौतुकाने म्हणाला. “कोरिनने डोळ्यांचं सांगितलं होतं. दात चांगला आहे. मला सुचला नसता.”

बातमी शाळेत पोचली तेव्हा मुख्याध्यापिका ओयुनगेरेलबाईंनी शिस्तीत दोन कामं केली. एक, संस्थेला आभाराचं पत्र धाडून नवा शिक्षक मागवला. दोन, सोमवारी सकाळी निरोप समारंभ ठेवला. एल्डन तास घ्यायला म्हणून गेला, तर सभागृहात त्याच्या नावाचा फलक.

“बाई, ऐका तरी. मी गुरुवारी परत येतोय.”

“सर, जाणारे सगळे असंच म्हणतात. ऐकून बरं वाटतं आम्हाला.” बाईंनी त्याच्या हातांवर मानाचं निळं रेशमी वस्त्र ठेवलं. “खरं सांगू? तुम्ही पहिला हिवाळासुद्धा काढाल असं वाटलं नव्हतं कोणाला.”

आठवीच्या मुलींनी गाणं म्हटलं. खिडकी उघडी होती, गार वारा थेट दातात शिरला आणि एल्डनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पाहून गणिताचे शिक्षक रडले. गणिताचे शिक्षक रडलेले याआधी कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे आणखी तिघंजण रडले. मग खुलासा करण्यासारखं काही राहिलं नाही.

गाडीपाशी लोर्ना होती. “एवढीशी पिशवी? बाकी सगळं आमच्यासाठी सोडून चाललास? किती रे मोठं मन!” पिशवीत एक सदरा आणि दात घासायचा ब्रश होता. त्सेंदमामावशींनी त्यात दोन किलो आरूल कोंबलं. “तुझ्या आईला दे,” त्या म्हणाल्या आणि गाडी हलताच मागे दूध शिंपडायला लागल्या.

राजधानीत दात तासाभरात बसला. मग एल्डन संस्थेच्या कार्यालयात गेला. तिथे सारंतुयाबाई स्वयंसेवकांच्या फाइली सांभाळायच्या.

“या, एल्डन. तुमचं मायदेशी परत जाणं मंजूर झालंय.”

“पण मी मागितलंच नव्हतं!”

“म्हणून तर लवकर झालं. मागणाऱ्यांना तीन महिने लागतात.”

“मंजुरी रद्द करा मग.”

“शाळेने आभार मानलेत. आभार मानले की फाइल बंद होते.”

“उघडा की!”

“बंद फाइल उघडायचा अर्ज त्या स्वयंसेवकाने करायचा असतो. तो तर गेला.”

“अहो, मी तुमच्यासमोर बसलोय!”

“मला दिसताय हो तुम्ही,” सारंतुयाबाई समजुतीने म्हणाल्या. “कागदाला दिसत नाही.” मग त्यांनी खण उघडला. “पण एक जागा आजच रिकामी झालीय. इंग्रजीचा शिक्षक हवाय. गाव चांगलं आहे म्हणतात. भरता अर्ज?”

एल्डनने अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात ‘चौदा महिने, त्याच गावात, त्याच जागेवर’ असं लिहिलं. शिफारस म्हणून ओयुनगेरेलबाईंचं आभाराचं पत्र जोडलं. निवड झाली. मुदत दोन वर्षं, आजपासून.

त्याने वडिलांना फोन केला. “अजून दोन वर्षं आहे मी इथे.”

“बरं झालं,” वडील म्हणाले. “तुझ्या खोलीत आईने शिवणयंत्र ठेवलंय. ते हलव म्हणून मी तिला कसं सांगणार होतो कोण जाणे.”

गुरुवारी एल्डन गाडीतून उतरला. गावासमोर मोठाच पेच उभा राहिला. भाषणं मागे घेता येत नव्हती, वाटणी मोडता येत नव्हती आणि शिंपडलेलं दूध भरून घेता येत नव्हतं. ओयुनगेरेलबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्याला आठवीच्या वर्गात नेलं.

“मुलींनो, हे आपले नवे सर.”

वर्ग उभा राहिला. बाईंनी त्याला बाजूला घेतलं. “मुली आधीच्या सरांची आठवण काढतील, मनावर घेऊ नका. त्यांच्यासारखं जमायला तुम्हाला वेळ लागेल.”

गेरमध्ये आयव्हर राहायला आला होता. “नवीन का? ये, बस. चहा घेणार?” त्याने कढई चुलीवर ठेवली. “माझी जुनी खोली रिकामी आहे बघ. जरा गार आहे.”

लोर्ना जाड पांघरूण लपेटून बसली होती. “आधीचा फार दिलदार होता,” ती म्हणाली. “जाताना पीनट बटर देऊन गेला. तुझ्याकडे आहे का?”

त्सेंदमामावशी आत आल्या. त्यांनी नव्या पाहुण्यापुढे आरूलची थाळी आणि शेजारी गरम चहाची वाटी ठेवली.

“चहात बुडवून मऊ करून खा रे पोरा. आधीच्याने तसंच चावलं आणि दात मोडून घेतला. मला काय दिसलं नाही होय? पण पोर लाजरं. बोललं नाही, मग मीही बोलले नाही.”

एल्डनने आरूल चहात बुडवलं. त्याच संध्याकाळी, आयव्हरच्या जुन्या खोलीत, हातमोजे घालून त्याने राजधानीला पत्र लिहिलं.

“विषय : पूर्वीच्या स्वयंसेवकाच्या वस्तू नव्या स्वयंसेवकास परत मिळण्याबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, चूल एक, बिडाची कढई एक, जाड पांघरूण एक, सेवेचे महिने चौदा व पीनट बटरची बरणी (अर्धी, झाकणासह) या बाबी सध्याच्या ताब्यातून सोडवून अर्जदाराच्या हवाली करण्यात याव्यात. पूर्वीच्या स्वयंसेवकाची यास हरकत नाही. त्यांच्याशी अर्जदाराचे समक्ष बोलणे झाले आहे. दरम्यान बरणी रिकामी झाली असल्यास ती मूळ पातळीपर्यंत भरून मिळावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एल्डन प्रूइट (नवा)”