डावीकडून चढावे, उजवीकडून उतरावे

इंग्रजीच्या बाईंना तीन नियम लिहायला दहा मिनिटं लागली आणि ते निस्तरायला पुरा आठवडा. चूक व्याकरणाची नव्हती. व्याकरणात बाईंची चूक काढण्याची त्या इमारतीत कोणाची टाप नव्हती.

इमारत तीन मजली. तळमजल्यावर मॅनेजरची केबिन, पहिल्यावर दातांचे डॉक्टर, तिसऱ्यावर एक वकील आणि एक शिंपी. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या खोलीत, बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. विद्यार्थी नऊ होते आणि खुर्च्या सात. उरलेले दोघं खिडकीच्या कट्ट्यावर बसत आणि तिथे उजेड चांगला येतो असं म्हणत. खोलीचा करार दरवर्षी नवा करावा लागे, आणि यंदाची तारीख पुढच्या शुक्रवारी होती. सही मॅनेजरच्या हातात. वर्गाचा आवाज खाली येतो, असं मॅनेजरनी दोनदा ऐकवलं होतं. ही खोली गेली तर दुसरी मिळाली असती, पण ती गावाच्या पार टोकाला, आणि तिथवर नऊतले चारसुद्धा आले नसते. बाईंना या नऊ जणांचा लळा होता. वर्ग बंद पडण्याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

विद्यार्थ्यांचं दुखणं वेगळंच होतं. लिहिलेलं इंग्रजी त्यांना कळे, पण कोणी बोललं की सगळे छताकडे बघत. त्यावर बाईंनी एक खेळ काढला. वर्गाच्या जोड्या करायच्या. मजकुराचा कागद वर्गाबाहेर भिंतीवर लावायचा. जोडीतल्या एकाने पळत जाऊन एक वाक्य वाचायचं, डोक्यात धरून परत यायचं आणि तोंडी सांगायचं. दुसऱ्याने ऐकून लिहायचं. कागद हलवायचा नाही आणि जागेवरून ओरडायचं नाही. यात धावणाऱ्याचे पाय दुखतात आणि लिहिणाऱ्याचे कान उघडतात, असा बाईंचा अनुभव होता.

त्या आठवड्यात धडा ‘मस्ट’चा होता, म्हणजे अमुक केलंच पाहिजे आणि तमुक करता कामा नये. बाईंनी गुरुवारी नियम तयार केले. सोमवारपासून सर्वांनी जिना डाव्या बाजूने चढावा व उजव्या बाजूने उतरावा. भेटायला येणाऱ्याने आपले नाव दोनदा सांगावे. प्रत्येक ऑफिसने बुधवारपर्यंत एक खुर्ची दुसऱ्या मजल्यावर पाठवावी. नियमांना अर्थ असावा असा बाईंचा आग्रह नव्हता. डावं, उजवं, वार आणि मजला हे शब्द आले की त्यांचं काम झालं.

कागद टाइप करायला त्यांनी नवऱ्याकडे दिला. तो एका सरकारी कचेरीत कारकून होता आणि बावीस वर्षं नोटिसा टाइप करत होता.

“नुसता मजकूर? वर काही नको, खाली काही नको?” त्याने विचारलं.

“अहो, वर्गातला खेळ आहे तो.”

“खेळ असला म्हणून काय झालं? कागद उघडावाघडा दिसतो.”

शुक्रवारी कागद हातात आला तेव्हा त्याला वर जावक क्रमांक होता, तारीख होती, चहूबाजूंनी दुहेरी चौकट होती आणि खाली उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘बाय ऑर्डर, मॅनेजर’ असं होतं. बाईंना वर्गाला उशीर होत होता. त्यांनी तीन प्रती घेतल्या आणि निघाल्या.

एक प्रत त्यांनी वर्गाच्या दाराबाहेर लावली, दुसरी पहिल्या मजल्यावर. तिसरी तळमजल्यावर, मॅनेजरच्या बंद केबिनशेजारी; मॅनेजर त्या दिवशी लवकर घरी गेले होते. तळमजल्याची धाव टॅक्सी ड्रायव्हरला दिली, कारण दिवसभर बसून त्याचे पाय अवघडलेले असत. खेळ झकास झाला. वर्गात एक सासू-सुनेची जोडी होती. सासूबाई पहिल्या मजल्यावरून धापा टाकत वाक्य आणत होत्या आणि सून शांतपणे “पुन्हा सांगा, आई” म्हणत होती. असं तिने सहा वेळा म्हटलं. घरी तिला ही सोय नव्हती.

खेळ संपता संपता ड्रायव्हरला भाडं आलं आणि तो खालच्या खाली निघून गेला. बाईंनी वरच्या दोन प्रती काढल्या. तिसरी त्याने काढली असेल असं त्यांनी धरलं. त्याने ती मॅडम काढतील असं धरलं.

सोमवारी बाई आल्या तर जिना तुंबलेला. खरं म्हणजे अर्धाच जिना तुंबला होता. चढणाऱ्याची डावी बाजू आणि उतरणाऱ्याची उजवी बाजू एकच असते, हे गुरुवारी लिहिताना बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. कठड्याकडची बाजू मोकळी होती, तिथून हत्ती गेला असता. भिंतीकडे मात्र शिंपी कापडाचं गाठोडं घेऊन वर निघाला होता आणि त्याच्यासमोर वकिलांचा कारकून खाली यायला उभा होता. दोघांच्या मागे माणसं साठली होती. कारकुनाने शिंप्याला बाजूला व्हायला सांगितलं. आपण नियमाने चाललोय, असं शिंपी म्हणाला. कारकूनही नियमानेच चालला होता.

“कुठला नियम?” बाईंनी विचारलं.

“खाली नोटीस आहे मॅनेजरसाहेबांची. इंग्लिशमध्ये आहे,” शिंपी आदराने म्हणाला.

बाई मोकळ्या बाजूने खाली धावल्या. त्यांना नियम मोडताना सगळ्यांनी पाहिलं. खाली नोटीस भिंतीवर नव्हती. ती काचेच्या फलकात होती, आणि फलकाला कुलूप होतं. त्याच फलकात सहा वर्षांपासून दुसरीही एक नोटीस होती, ‘जिन्याखाली सायकली लावू नयेत’ अशी, ठसठशीत मराठीत. तिच्या बरोबर खाली दोन सायकली लावलेल्या होत्या. सहा वर्षांत त्या नोटिशीने एक सायकल हलवली नव्हती, आणि या कागदाने एका सकाळीत अख्खी इमारत भिंतीला लावली होती.

सगळं सांगून टाकायचं आणि माफी मागायची असं ठरवून बाई केबिनच्या दाराशी गेल्या. मॅनेजर फोनवर बोलत होते. पलीकडे वकील असावेत.

“म्हणजे काय? नोटीस माझीच आहे,” मॅनेजर म्हणत होते. “खाली मॅनेजर लिहिलंय ना? मग झालं तर. सगळं विचार करूनच काढलीय.” त्यांनी फोन ठेवला आणि बाईंकडे पाहिलं. “मॅडम, करार ना? शुक्रवारी बघू. सध्या मी इमारतीला शिस्त लावतोय.”

माणूस आपल्या गुन्ह्याची कबुली द्यायला जातो आणि तो गुन्हा दुसऱ्यानेच अभिमानाने अंगावर घेतलेला असतो. आता खरं सांगितलं तर मॅनेजर इमारतीपुढे तोंडावर पडणार, आणि तोंडावर पडलेला माणूस करारावर सही करत नाही. बाई वर आल्या आणि त्यांनी वर्गात मुकाट्याने भूतकाळ शिकवला. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “चौकट होती म्हणून पाळली. बिनचौकटीचं कोणी पाळत नाही.” त्याला मनातून आनंद झाल्याचं दिसत होतं. बावीस वर्षांत त्याची एवढी गाजलेली ही पहिलीच नोटीस.

मंगळवारी दातांच्या डॉक्टरांकडची मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला नाव दोनदा विचारू लागली. ज्यांच्या जबड्याला आधीच भूल दिलेली होती त्यांनाही सूट नव्हती. बुधवारी खुर्च्या यायला लागल्या. डॉक्टरांनी फिरतं स्टूल पाठवलं, शिंप्याने एका हाताची खुर्ची पाठवली, आणि एक गादीची, चाकांची मोठी खुर्ची कोणी पाठवली ते कळलंच नाही. वर्गातले सगळे पहिल्यांदाच खुर्चीवर बसले, खिडकीतल्या दोघांसकट. गादीची खुर्ची सासूबाईंनी घेतली आणि आता आपण धावणार नाही असं जाहीर केलं. ड्रायव्हरला सगळा उलगडा झाला होता. तो शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला. वकिलांनी मात्र खुर्ची पाठवली नाही. त्यांनी मॅनेजरना तीन पानी इंग्रजी पत्र पाठवलं आणि शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर मागितलं.

बाईंची झोप उडाली. खुर्चीवर बसताना त्यांना चोरीच्या मालावर बसल्यासारखं वाटे. गुरुवारी त्यांनी शिंप्याला पाहिलं, गाठोडं पायरीवर ठेवून वाट मोकळी व्हायची वाट बघत बसलेला. त्याच्या एका गिऱ्हाइकाचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि कोट अजून पहिल्या मजल्यावर होता. आता मात्र बाईंना स्वतःची लाज वाटली. खोली गेली तर गेली, उद्या सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं.

शुक्रवारी वर्ग सुटला. सगळे खाली गेल्यावर बाई जिन्याकडे निघाल्या, तर समोरून मॅनेजरच वर येत होते, भिंतीला धरून, नियमाने. ते आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. काखेत करार होता, एका हातात वकिलांचं पत्र आणि दुसऱ्या हातात फलकातून काढलेली नोटीस.

“मॅडम, एक विचारायचं होतं. बाहेर कुठे बोलू नका,” ते म्हणाले. “या नोटिशीत काय लिहिलंय?”

बाईंनी उलट विचारलं, “नोटीस तुमची आहे ना?”

“हो ना. म्हणूनच कोणाला विचारता येईना.”

मॅनेजरना इंग्रजीत एकच शब्द वाचता येत होता. तो त्यांच्या केबिनच्या दारावर होता. सोमवारी सकाळी तोच शब्द भिंतीवरच्या कागदावर दिसला, तेव्हा कागद आपलाच असणार असं त्यांनी मानलं आणि तो भिजू नये म्हणून काचेत घातला. वकिलांनी विचारलं तेव्हा नाही म्हणायला उशीर झाला होता.

बाईंनी एकेक नियम इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. मॅनेजर डोळे मिटून ऐकत होते.

“पहिला परत.”

बाईंनी परत सांगितला.

“म्हणजे दोघं एकाच बाजूला येणार की.”

“हो.”

“मी मंगळवारी वकिलांना अर्ध्या जिन्यातून मागे फिरवलं,” मॅनेजर म्हणाले. “नियम म्हणून.”

बाईंना राहवेना. “ही नोटीस मी लिहिली,” त्या म्हणाल्या. “वर्गासाठी. टाइप यांनी केली. काढायची राहून गेली. सोमवारीच सांगणार होते, पण भ्याले. चूक सगळी माझी आहे.”

मॅनेजरनी नोटिशीची घडी घातली आणि खिशात ठेवली. बाई मनातल्या मनात खोली आवरायला लागल्या होत्या.

“म्हणजे लिहिताही येतं तुम्हाला,” मॅनेजर म्हणाले. “मग या वकिलांना उत्तर तुम्हीच लिहा.”

वकिलांची तीन पानं पिळून काढली तर त्यात एकच मुद्दा होता: दुसऱ्या मजल्यासाठी खुर्च्या मागण्याचा अधिकार मॅनेजरना कोणत्या कलमाखाली आहे? कलम म्हटल्यावर करार उघडावाच लागला. तोही इंग्रजीत होता. मॅनेजर त्यावर दरवर्षी शिक्का मारत आणि बाई दरवर्षी सही करत. बाईंनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली आणि अकराव्या कलमाशी थांबल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीला दहा खुर्च्या पुरवण्याची जबाबदारी इमारतीची राहील व त्यास सर्व ऑफिसे हातभार लावतील, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं.

“हे तुम्हाला माहीत नव्हतं?” मॅनेजरनी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी कधी वाचलाच नाही.”

मॅनेजरना एकदम हलकं वाटलेलं दिसलं. त्यांनी खिशातून शिक्का काढला आणि करारावर मारला. मग गादीच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, “ही माझी आहे. सगळे पाठवत होते, म्हणून मीही पाठवली. तीन दिवस टेबलावर बसतोय.” बाईंनी ती परत न्यायला सांगितलं. “राहू दे,” ते म्हणाले. “सोमवारपासून मीच येतो बसायला.”

वकिलांना एका ओळीचं उत्तर गेलं आणि अर्ध्या तासात वरून खुर्ची खाली वर्गात आली. सोमवारपासून लोक जिन्याने पूर्वीसारखे कसेही जाऊ लागले. गादीच्या खुर्चीचा प्रश्न सासूबाईंनी एक दिवसाआड बसून सोडवला. मॅनेजर मागे बसत आणि सगळं दोनदा विचारत. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी ‘मस्ट’चं गृहपाठाचं वाक्य तपासायला घेतलं, तर मॅनेजरनी सायकलींचं लिहिलं होतं, आणि एकही चूक नव्हती. बाईंच्या नवऱ्याने ते दुहेरी चौकटीत टाइप करून दिलं. दुसऱ्या दिवशी ते काचेच्या फलकात लागलं, मराठी नोटिशीच्या शेजारी.

संध्याकाळपर्यंत वकिलांच्या कारकुनाची सायकल गेली. दुसरी तिथेच होती. बाई वर्गाला येताना मॅनेजर फलकासमोर उभे होते आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचत होते. शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली, सायकलचं कुलूप उघडलं आणि सायकल बाहेर नेऊन लावली.

“ही तुमची होती?” बाईंनी विचारलं. “मग ती मराठी नोटीस कोणी लावली होती?”

“मीच,” मॅनेजर म्हणाले. “पण ती लोकांसाठी होती.”