अंगचा ड्रायव्हर, पाकिटातला ड्रायव्हर

९ नोव्हेंबर, रविवार. काम: मुका झालेला कॉम्प्युटर बोलता करणे.

हे काम एरवी दामोदर भाऊजींचं. मोहाडीत आमच्या समोरच राहतात, एकटेच. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ते जेवायला बसल्यासारखे हातपाय धुतात.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून फुकटातलं लिनक्स त्यांनीच टाकलं. आवाज चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, एक लिनक्सच्या पोटातच येतो. तो भाऊजींना चालत नाही. ते वेगळं पॅकेज उतरवून दुसरा बसवतात. पहिला 'अंगचा', दुसरा 'पाकिटातला'.

"अंगच्यानं आवाज दबून येते, वहिनी. तुमाले पोरीचा आवाज आयकाचा हाय का भोंगा?"

अडचण एवढीच, की लिनक्सचं अपडेट आलं की पाकिटातला बंद पडतो. मग भाऊजी येतात, स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत टाइप करत बसतात, स्पीकरवर टिचकी मारतात. शेवटी स्पीकर तपासणारी आतली बाई "फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट" म्हणते आणि भाऊजी तिला "हव बाई" म्हणतात. तोवर दोन चहा, पोहे आणि त्यांच्या मुलाच्या हैदराबादच्या फ्लॅटचं वर्णन. फ्लॅट त्यांनी फोटोतच पाहिलाय.

आज मी धानाच्या मळणीवरून आले, तर कॉम्प्युटर पुन्हा मुका. संध्याकाळी लेकीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा होता. पोहे करायची ताकद नव्हती. इतक्या वेळा बघून मलाही थोडं येतं. पाकिटातला काढून टाकला, अंगचा आपोआप लागला. लेकीचा आवाज स्वच्छ आला, तिच्यामागच्या कुकरची शिट्टीसुद्धा.

हे प्रकरण आता संपवावं म्हणून समोर गेले. भाऊजींच्या कॉम्प्युटरवर भजन खणखणीत चालू.

"तुमच्याइथं अपडेट नाई आलं का, भाऊजी?"

"सकाळीच टाकलं ना."

"मग पाकिटातला बंद नाई पडला?"

त्यांनी भजन बारीक केलं. "माया अंगचाच हाय, वहिनी. एकट्याले पुरते तेवढा."

मी काही बोलायच्या आतच ते उठले. "तुमचा गेला का? येऊ?" आणि हात धुवायला मोरीकडे वळलेसुद्धा.

"आज नाई. आज मी थकली. उद्या या."

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी उठून मी तोच बंद पडलेला पाकिटातला परत बसवला. आवाज गेल्याची खात्री करून घेतली आणि पोहे भिजवले.