बेटावरचं पहिलं कुलूप

“आज कुठे निघालात? आणि परत किती वाजता?” चहाची किटली टेबलावर ठेवता ठेवता घरमालकीणबाईंनी विचारलं आणि तपासनीसांच्या मनात पाल चुकचुकली. कुठे जाणार हे विचारणं ठीक आहे. पण खोली किती वेळ रिकामी असणार हे कुणाला आणि कशाला जाणून घ्यायचं असतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. एकतीस वर्षं ते विमा कंपनीत खोटे दावे पकडत आले होते. घर जळायच्या आदल्याच दिवशी फोटोंचा अल्बम मेहुणीकडे कसा काय पोचला, असल्या प्रश्नांवर त्यांची अख्खी नोकरी झाली होती.

पण बोलायची सोय नव्हती. बायको समोरच बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. तिने अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर शेकडो बेटं काढली आणि आयुष्यात एकाही बेटावर पाऊल टाकलं नाही. निवृत्त झाल्यावर तिने हे बेट स्वतः निवडलं होतं. मोटारी नाहीत, हॉटेल नाही, पंचवीस-तीस घरं आणि उरलेल्या सगळ्या पायवाटा. निघताना तिने एकच अट घातली होती. “आठ दिवसांत एका जरी माणसावर संशय घेतलात, तर पुढच्या वर्षीपासून मी ताईबरोबर फिरायला जाणार. तुम्ही घरी बसा आणि दूधवाल्यावर पाळत ठेवा.”

ती हे बोलते ते करते, हे तपासनीसांना माहीत होतं. आणि तिच्याशिवाय घरात आठ दिवस काढायची कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती.

म्हणून बायको अंगणात जाईपर्यंत ते थांबले. मग मालकीणबाईंकडे वाकून हळूच म्हणाले, “उत्तरेच्या कड्यावर जातोय. पण परत कधीही येऊ. अगदी अचानक.”

“सावकाश या हो,” बाई म्हणाल्या. त्यांचा तो प्रेमळपणा तपासनीसांना अजिबात आवडला नाही. ते खोलीत गेले, मोज्यात लपवून आणलेलं कुलूप काढलं आणि दाराला ठोकलं. बेटावर एकाही दाराला कुलूप नव्हतं, ही गोष्ट त्यांनी आल्याआल्या हेरली होती. आपलं चोरीला जाणार नाही अशी खात्री कुणाला असते? जो चोरणार असतो त्यालाच. किल्ली त्यांनी डाव्या पायाच्या मोज्यात सरकवली.

धक्क्यावर होडीवाला जाळं दुरुस्त करत बसला होता. “काय साहेब, आज कुठे? परत कधी?”

तेच दोन प्रश्न! तपासनीसांनी बायको चार पावलं पुढे गेलेली पाहून घेतली. “दक्षिणेची पुळण,” ते म्हणाले.

दुकानात बिस्किटं घ्यायला शिरले, तर दुकानदारानेही तेच विचारलं. म्हणजे ही टोळीच होती. “आज कुठेच नाही,” तपासनीस म्हणाले. “पाय दुखताहेत. पडून राहणार.” दुकानदाराने त्यांच्या पायांतले बूट, पाठीवरची पिशवी आणि हातातली काठी पाहिली आणि मुकाट्याने बिस्किटं बांधून दिली.

पायवाट सुरू होते तिथे खांबाला एक लाकडी पेटी होती. पेटीत वही आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. ‘किती जण, कुठे, परत केव्हा’ असे तीन रकाने. एवढा निर्लज्जपणा तपासनीसांनी नोकरीतही पाहिला नव्हता. आता चोरांनी फॉर्म छापायचेच काय ते बाकी होतं!

“तुम्ही लिहा, मी नकाशा बघते,” बायको म्हणाली.

तपासनीसांनी लिहिलं: ‘एकूण आठ जण. पैकी दोन पोलीस. पश्चिमेच्या दीपगृहाकडे.’ वही मिटताना त्यांना बऱ्याच दिवसांनी कामावर गेल्यासारखं वाटलं.

खरं म्हणजे ते दोघं बेटाच्या मधल्या तळ्यावर गेले आणि दिवस फार सुंदर गेला. बायको नकाशावर बोट ठेवून ‘ही खिंड, हा सुळका’ असं सांगत होती आणि खरोखरच समोर खिंड नि सुळका येत होता. दर वेळी तिला इतका आनंद होत होता, की तपासनीसही क्षणभर टोळी विसरले. तळ्याकाठी दोघांनी बूटमोजे काढले आणि पाण्यात पाय सोडून बिस्किटं खाल्ली.

तीनच्या सुमाराला धुकं उतरलं. बघता बघता तळं दिसेनासं झालं. पण अठ्ठावीस वर्षांचा भूगोल पाठीशी होता. बायकोने होकायंत्र काढलं, तपासनीसांचा हात धरला आणि दोघं पावलापावलाने निघाले. वाटेत दोन ओढे लागले, ती एकात घसरली आणि कमरेपर्यंत भिजली. गावाकडून सारखा घंटेचा आवाज येत होता. गावात पोचले तेव्हा साडेपाच झाले होते.

गावात चिटपाखरूही नव्हतं. घरांची दारं सताड उघडी. दुकान उघडं, चुलीवर कुणाचं तरी दूध उतू गेलेलं, पण माणूस नाही.

“पळाले!” तपासनीसांच्या तोंडून निघून गेलं.

“कोण पळाले?” कुडकुडत बायकोने विचारलं.

“कुणी नाही. चल, आधी कपडे बदल.”

खोलीच्या दाराशी बायको थबकली. “अहो, हे कुलूप कुणी लावलं?”

तपासनीसांनी डावा बूट काढला, मोजा काढला, मोजा उलटा केला, झटकला. किल्ली तळ्याकाठी आरामात पडली होती. बायकोने कुलपाकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं आणि ती ओल्या कपड्यांनिशीच भिंतीला टेकून खाली बसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिचे दात वाजत होते. कोरडे कपडे आत होते. मग तपासनीसांनी काय करावं? ते धावत दुकानात गेले, आत शिरून फळ्या धुंडाळल्या, खोकी उपसली आणि कोपऱ्यातली पहार उचलली. परत येऊन त्यांनी कडीत पहार घातली आणि अंगातलं सगळं बळ लावून दणके घालायला सुरुवात केली. चौथ्या दणक्याला कडीकोयंडा, फळीचा तुकडा आणि कुलूप असं सगळं एकदम जमिनीवर आलं. त्याच क्षणी मागे पावलं वाजली.

सगळं गाव उभं होतं. चिखलाने माखलेलं, हातात दोर, कंदील आणि जखमी माणसाला न्यायची झोळी. सगळे आधी पहारीकडे आणि मग तपासनीसांकडे बघत होते.

“ती माझी पहार,” दुकानदार म्हणाला.

“ते माझं दार,” मालकीणबाई म्हणाल्या. “अहो, उत्तरेचा कडा दोनदा पालथा घातला आम्ही तुमच्यासाठी!”

“कडा? मला तर पुळण सांगितली होती! गळ्याएवढ्या पाण्यात शोधत होतो मी,” होडीवाला म्हणाला.

“तुमचं सोडा,” मागून बेटावरचा पोस्टमन पेटीतली वही नाचवत आला. “ते आठ जण कुठे आहेत ते सांगा! दोन पोलीस आणि सहा साधे, एकही सापडला नाही!”

बायकोने पुढे होऊन वही घेतली. “हे अक्षर,” ती शांतपणे म्हणाली, “किराण्याच्या यादीत मी पस्तीस वर्षं वाचतेय.”

मालकीणबाईंनी तिच्या अंगावर आपली शाल टाकली आणि खाली मान घालून उभ्या असलेल्या तपासनीसांना म्हणाल्या, “भाऊ, इथे कुंपण नाही, पाटी नाही, आणि धुकं सांगून येत नाही. मागे एक पाहुणा पाय मोडून दोन दिवस पडून राहिला. कुणी विचारलंच नव्हतं त्याला कुठे जाताय म्हणून. तेव्हापासून आम्ही सगळे विचारतो.”

तपासनीसांना इतकी लाज वाटली, की त्यांनी सगळ्यांसमोर कान पकडले. बेटावरचं पहिलं कुलूप त्यांनी लावलं होतं आणि बेटावरची पहिली घरफोडीही त्यांच्याच नावावर लागली होती.

सकाळी त्यांनीच दार दुरुस्त केलं. बायको म्हणाली, “एक शेवटची संधी. आज एक शब्द जरी संशयाचा काढलात, तर ताईला फोन.”

“तळ्यावर चाललोय. दोघं. चार वाजता परत,” त्यांनी मालकीणबाईंना खणखणीत आवाजात सांगितलं. बाईंनी त्यांच्या डोक्यावरून बायकोकडे पाहिलं. “वहिनी, खरं का हो?”

अर्धा तास चालल्यावर तपासनीसांच्या लक्षात आलं, की पोस्टमन मागून येतोय. ते थांबले की तो थांबायचा. ते वळले की तो फुलं बघायचा. त्यांच्या कपाळावर घाम आला. जीभ वळवळली, पण त्यांनी ती दातांखाली दाबली. खिंड गेली, सुळका गेला, पोस्टमन मागेच. तळं दिसायला लागलं तेव्हा त्यांनी मन घट्ट केलं. आयुष्यात एकदा तरी माणसावर विश्वास टाकायचा.

“बघ गं,” ते मायेने म्हणाले, “तो बिचारा पोस्टमन. एवढ्या लांब टपाल टाकायला यावं लागतं त्याला.”

तळ्याच्या आसपास तीन मैलांत एकही घर नव्हतं. “हो ना, बिचारा,” बायको म्हणाली आणि तपासनीस किल्ली शोधायला वाकल्यावर तिने मागे वळून, रात्री पोस्टमनशी ठरल्याप्रमाणे, ‘पास झाले, आता परत जा’ या अर्थाने दोनदा हात हलवला.