घरतशेठ हॅलो म्हणू देत नाहीत

आमच्या कंपनीत कॉम्प्युटरचे हेडसेट बनतात आणि तिथे माइकमध्ये 'हॅलो' म्हणायला बंदी आहे. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मग घरतशेठ त्याच्यासमोर येऊन उभे राहतात आणि त्याचं हसू जागच्या जागी विरतं. 'हॅलो' चालत नाही, 'माइक टेस्टिंग' चालत नाही आणि 'वन टू थ्री' तर शेठना शिवीसारखं लागतं. हेडसेट कानाला लावला की समोरच्याला घरी कोणती भाजी केली ते सांगायचं, सासू काय बोलली ते सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं.

"हॅलो बोलताना मानूस घसा साफ करून बोलतो," शेठ म्हणतात. "भाजी खारट झाली सांगताना त्याचा खरा आवाज निंगतो. गिऱ्हाईक खऱ्याच आवाजात बोलनार हाय ना?"

 

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन नेरूळला आले. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या या कंपनीत खरेदी विभागात जागा आहे असं कळलं, म्हणून मुलाखतीला गेले. हिशेबाची, टॅक्सची उत्तरं पाठ केली होती. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पायात रबरी चपला घातलेला एक माणूस आला, त्याने माझ्या नीट विंचरलेल्या केसांवर हेडसेट चढवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मी कुणाला तरी हाक मारणार एवढ्यात कानात आवाज आला, "घरात शेवटचं भांडन कोनाशी झालं?"

मी हबकलेच. असला प्रश्न मला माझ्या आईनेही विचारला नव्हता. पण त्याच सकाळी जाऊबाईंनी मिक्सरचं भांडं फोडून माझ्यावर ढकललं होतं, ते आतून उसळून आलं. बोलायला लागले ती थांबेचना. शेवटी कानात शांतपणे ऐकू आलं, "बास. साफ येतो. ठेवा." ते घरतशेठ होते. त्यांनी मला ठेवलं की तो हेडसेट ठेवला, हे मला आजवर कळलेलं नाही. पगार मात्र मला मिळतो.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, नवीन भांडं आणलं का?" मला दुसरा धक्का बसला. पुढे मोजणं सोडून दिलं.

टेस्टिंगची पद्धत अशी. तळमजल्यावर एक खोली, पहिल्या मजल्यावर एक खोली, मध्ये वायर. खाली एक जण नवा हेडसेट लावून बसतो, वर दुसरा, आणि दोघं घरच्या गोष्टी बोलतात. बाहेर टेबलावर सुपरवायझर तिसऱ्या हेडसेटवरून ऐकत असतो. त्यामुळे आमच्याकडे कुणाचं काहीही झाकलेलं राहत नाही. पॅकिंगच्या सुनंदाच्या नवऱ्याने सिगारेट सोडली हे आम्हाला तिच्या आधी कळलं होतं, कारण तो आमच्याच डिस्पॅचला आहे.

ही पद्धत आली कुठून, हे शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक ऐरोलीच्या काचेच्या इमारतीतून टाय लावून आलेलं असो, त्याला आधी कोंबड्यांची गोष्ट ऐकावीच लागते.

शेठ जासईचे. गावातली शेतं बंदराकडे गेली, तिथे कंटेनरच्या भिंती उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांची पोरं काय करायचं म्हणून बांधावर बसली. त्यातली दोन पोरं म्हणजे हरिश्चंद्र घरत आणि वामन म्हात्रे. शाळेत एका बाकावर, मासे पकडायला एका होडीत. "पयले कम्प्युटर मुका होता," शेठ सांगतात. त्याला बोलता यावं म्हणून आत एक साउंड कार्ड बसवावं लागे. या दोघांनी पत्र्याच्या शेडमध्ये ती कार्डं जुळवायला घेतली. पहिलं कार्ड तयार झालं तेव्हा त्यावर काय वाजवावं हे सुचेना, म्हणून वामनच्या आईचा कोंबड्यांना हाकारतानाचा आवाज भरला आणि शेडमध्ये वाजवला. गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या धावत आत शिरल्या. पाठोपाठ त्यांची मालकीणही शिरली, काठी घेऊन, माझ्यासारखं कोण ओरडतंय ते बघायला.

"कोंबरी फसली, म्हंजे कार्ड पास," शेठ म्हणतात. टायवाल्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

त्याच दिवशी दोघांनी ठरवलं, दोन्ही मालकांनी ऐकल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही.

कार्डं धडाधड खपली. शेड सुटली, तुर्भ्याचा गाळा आला. आणि मग कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डातच आवाज बसवून यायला लागला. वेगळं कार्ड कोण घेणार? गोडाऊनमध्ये खोकी छताला टेकली. वामनराव म्हणाले, कार्ड बंद करू, हेडसेट बनवू, सगळीकडे कॉल सेंटर उघडतायत. शेठ म्हणाले, कार्ड आपला पहिला पोर आहे, पोराला कुणी बंद करतं का? आणि त्यांनी आणखी कार्डांचा माल मागवला. तेव्हा वामनरावांनी जे केलं ते ऐकून मी तोंडात बोट घातलं होतं. शेठ एका लग्नाला गेले असताना त्यांनी कार्डांची सगळी मशिनरी टेम्पोत घातली आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात भंगारात विकून टाकली. शेठ परत आले तेव्हा टेम्पो गेटातून बाहेर पडत होता. आपलीच मशीन त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिली.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. वामनराव पहिल्या मजल्यावर डिझाइन आणि हिशेब बघतात, शेठ तळमजल्यावर उत्पादन. एकाच जिन्यात समोरासमोर आले तर एक भिंतीकडे बघतो आणि दुसरा चपलेकडे. सगळे निरोप माझ्यामार्फत. "वरच्या सायबांना सांगा, कानाची गादी जाड पायजे." मी वर जाते. "खाली सांगा, जाड गादीने घाम येतो." मी खाली येते. साताऱ्यात मी गड चढले नव्हते तेवढी इथे चढले.

एकदा मी धीर करून विचारलं, शेठ, हेडसेटनेच तर कंपनी तरली, मग राग कसला? शेठनी एक वायर बोटाला गुंडाळली.

"वामन चुकला असता त कवाच माफ केला असता," ते म्हणाले. "तो बरोबर निंगाला."

मी कपाळाला हात लावला.

एवढं होऊनही जुना नियम मोडला नाही. प्रत्येक लॉटची शेवटची जोडी मालक स्वतः तपासतात. त्या दिवशी शेठ खालच्या खोलीत जातात, वामनराव वरच्या, दारं बंद होतात आणि सुपरवायझरलाही उठून जायला सांगतात. आत काय बोलतात? आम्ही सगळे धरून चाललो होतो की आवाज जाड आहे, बारीक आहे, असलं काहीतरी असणार. अबोला धरलेली दोन म्हातारी माणसं आणखी काय बोलणार?

आता यंदाची गोष्ट. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने स्पष्ट सांगितलं, माल स्वस्त करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. ते गेलं असतं तर कंपनी बंद, पॅकिंगच्या सगळ्या बायका घरी. मी महिनोन् महिने खटपट करून परदेशातला एक कारखाना शोधला. ते हेडसेट बनवणार, तेच तपासणार, खोक्यात भरून आमचं नाव छापून पाठवणार. माल जासईच्या यार्डात उतरणार आणि खालच्या बायकांनी फक्त स्टिकर लावून पुढे धाडायचा, म्हणजे त्यांच्या नोकऱ्या राहणार. टेस्टिंगच्या दोन्ही खोल्या गोडाऊनला द्यायच्या. वामनरावांनी करार वाचून लगेच सही केली. राहिली शेठची सही.

आणि शेठनी माझ्या नाकी नऊ आणले. एके दिवशी चष्मा जासईला राहिला. दुसऱ्या दिवशी अमावस्या. मग पेन चालेना, मी पेन दिलं तर शाई निळी, काळी पाहिजे. काळी आणली तर म्हणाले, वरच्या साहेबांची सही ओळखू येत नाही, खात्री करून या. वामनरावांची सही हा माणूस शाळेपासून बघत आला होता. माझं डोकं फिरलं. सुनंदा रोज मला विचारायची, मॅडम, आमचं काय होणार, आणि हे पेनाच्या शाईवर अडलेले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे ऐकलं होतं, पण चाळीस संसारांवर बसून हट्ट करतो हे पाहून मी हादरले होते.

त्या दुपारी लॉट निघायचा होता. शेठ खालच्या खोलीत, दार बंद. बाहेर पडले की दारातच धरायचं, आज सही घेतल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरवून मी करार हातात घेऊन सुपरवायझरच्या रिकाम्या टेबलाशी बसले. अजून किती वेळ आहे बघावं म्हणून तिथला हेडसेट कानाला लावला.

"पाय सुजतो अजून?" कुणीतरी विचारत होतं. मी आधी आवाज ओळखलाच नाही. शेठ कारखान्यात बोलतात ते पार गेटापर्यंत ऐकू जातं. हा आवाज आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा होता.

"सकाळी सुजतो. दुपारी उतरतो," वामनराव म्हणाले.

"वैनीला बोल, मीठ कमी टाक."

"ती टाकीतच नाय. मीच वरून घेतो."

"परत बोल. आवाज तुटतो."

आवाज तुटत नव्हता. मला लख्ख ऐकू येत होता. पण वामनरावांनी तक्रार न करता पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सूज, दुपार, मीठ, सगळं. शेठ 'हां, हां' करत पुन्हा ऐकत राहिले. मग वामनरावांनी विचारलं, धाकट्या सुनेचं काय झालं, आणि शेठनी सांगितल्यावर तेही म्हणाले, परत सांग, नीट आलं नाही.

मी हेडसेट काढायला हवा होता. उलट कानावर घट्ट दाबून धरला.

"हरी, त्या बाईचा कागद सही कर," वामनराव म्हणाले. "खालच्या बायकांच्या नोकऱ्या हायेत."

"करीन. मना कलतं." शेठ खाकरले. "पन मंग आपन बोलायचं कवा?"

वर खुर्ची करकरली. मग वामनराव म्हणाले, "घरी ये. मधी एक गल्ली त हाय."

"आलो होतो. गनपतीला तुझ्या दारापर्यंत आलो. तुझं तोंड पायलं आनि मना तो टेम्पो दिसला. परत गेलो."

"मी पायलं तुला."

"पायलंस त हाक का नाय मारली?"

"मना पन टेम्पोच दिसला, हरी."

मी हेडसेट टेबलावर ठेवला. इतके दिवस ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, तो दाराच्या पलीकडे बसून मित्राच्या पायाची सूज दोनदा ऐकत होता. मला रडू आलं आणि त्या दोघांचा रागही आला. एक गल्ली ओलांडता येत नाही म्हणून ही माणसं कारखाना चालवत होती. दार उघडायच्या आत मी करार घेऊन माझ्या टेबलाकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी परदेशातल्या कारखान्याला फोन लावला आणि करारात एक कलम घालायला सांगितलं. आलेला माल आमच्याकडे उघडला जाईल, आमच्या दोन्ही खोल्यांत तपासला जाईल आणि प्रत्येक खोक्यातली एक जोडी दोन्ही मालकांनी ऐकल्याशिवाय पुढे जाणार नाही. तिकडचा माणूस चक्रावला. तपासलेला माल पुन्हा का तपासायचा? मी म्हटलं, आमच्याकडे तशी रीत आहे. गिऱ्हाइकाने कुरकुर केली, पण दोनदा तपासलेला माल म्हटल्यावर थोडा जास्त भाव कबूल केला.

कागद शेठपुढे ठेवला. त्या दिवशी चष्मा होता. त्यांनी ते कलम बोट ठेवून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"हे कोनी घातलं?"

"मी. खरेदीचा नियम आहे."

"असा नियम नाय."

"आता आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याच हातातलं निळं पेन घेतलं आणि सही केली.

नव्या कलमावर वामनरावांची सही हवी होती म्हणून वर गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माल किती येणार, असं विचारलं. मी सांगितलं, कंटेनर भरून, आणि एकामागून एक येत राहणार.

"मंग ऐकायला लय दिवस लागतील," ते म्हणाले.

"लागतील."

"खाली सांगा त्याला."

मी खाली आले. शेठ खोक्यांच्या थप्पीशी पाठमोरे उभे होते. मी म्हटलं, वरचे साहेब म्हणतायत, माल खूप आहे, ऐकायला बरेच दिवस लागतील. शेठ वळले नाहीत. एका खोक्याची पट्टी नखाने दाबत राहिले, ती नीट चिकटलेली असतानाही.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "मना काय घाई नाय."

मी पुन्हा जिना चढायला लागले.