नकाशा निघेपर्यंत थांबा

एका जंगलात, मुलांनो, लढाया तोंडी चालत. सेनापती होते गवेराव. त्यांना ऊन सोसत नसे, म्हणून ते टेकडीवरच्या गुहेत बसून हुकूम सोडत. टिटवी ते हुकूम खाली ओरडून सांगे. तिला तीनच शब्द येत: चाल, थांब आणि नकाशा. दुसरं कुणी काहीही बोललं की ती म्हणे, "आज्ञा समजली नाही."

"चाल" म्हटलं की तुकडीने सोंगटीसारखं एक घर पुढे जायचं. "नकाशा" म्हटलं की सगळ्यांनी असाल तिथे गोठून उभं राहायचं. मग गुहेच्या दारातल्या वाळूत खवल्या मांजर शेपटीने घरं आखी आणि ज्याच्या त्याच्या घरात नावाचं अक्षर मांडी.

नियम कडक होता. मागे एक साळिंदर नकाशा निघताना जरासं सरकलं, तर ते दोन घरांत आलं. बिचारं अजून दोन्हीकडे पहारा देतं.

या सैन्यात मंगळू मुंगूस एका तुकडीचा नाईक होता. त्याचा धाकटा भाऊ बुधू टेहळणीला जाई. एका दुपारी रानकुत्र्यांनी बुधूला करवंदीच्या जाळीत एकटं गाठलं. मंगळू तिथून तीन घरं लांब होता.

"दादा, ये रे लवकर! चार आहेत!"

"आलोच! तोवर शिव्या घाल त्यांना, तेवढं छान जमतं तुला!"

"चाल!" टिटवी ओरडली. तुकडी एक घर धावली.

"नकाशा!"

सगळे गोठले. रानकुत्र्यांना हा नियम कुणी सांगितला नव्हता.

वर गवेराव विचारत होते, "मंगळू आता कुठे आहे?"

"मघाच्या पुढच्या घरात, साहेब," खवल्या म्हणाला.

"असं तोंडी नको. काढून दाखव."

खाली मंगळू कळवळून म्हणाला, "टिटवीताई, भाऊ मला इथून दिसतोय हो! नकाशा कशाला?"

"आज्ञा समजली नाही."

दुसरं घर. पुन्हा नकाशा. या वेळी खवल्याची रेघ वाकडी आली. त्याने ती पुसून पुन्हा आखली. मंगळूचा एक पाय हवेत राहिला होता. त्याला साळिंदर आठवलं. त्याने पाय तसाच धरला.

"दादा, थांबलास का?"

"नकाशा निघतोय रे!"

"माझं अक्षर मांडून झालं असेल तर ये ना!"

त्यानंतर बुधू काही बोलला नाही.

तिसऱ्या घरात मंगळू पोचला, तेव्हा जाळी हलत नव्हती. रानकुत्री निघून गेली होती. काट्यांना थोडे केस अडकले होते.

"नकाशा!" टिटवी ओरडली. मंगळू उभा राहिला. आता त्याला कुठे जायचं नव्हतं.

संध्याकाळी तो टेकडी चढून गेला. वाळूत एकाच घरात 'म' आणि 'ब' शेजारी शेजारी होते. गवेराव खुशीत होते.

"बघ, कसा नेमका आणून पोचवला तुला!"

"बुधू गेला, साहेब."

गवेरावांनी वाकून पाहिलं. "हा काय, आहे की."

खवल्या हळूच म्हणाला, "पुसायचा हुकूमच नाही, नाईक."

मंगळूने त्या अक्षराकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू द्या."

तात्पर्य: नकाशा नेहमी अचूक असावा. म्हणजे आपल्याला उशीर नेमका कुठे झाला, ते पुढे जन्मभर बोट ठेवून दाखवता येतं.