कानाला लावलेली नळी

मोटारीच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मेकॅनिकचं तर नाहीच नाही! गेल्या वर्षी एअर फिल्टर मी घरच्या घरी, जुन्या टूथब्रशने साफ केला आणि पुन्हा बसवलाही. मेकॅनिकचं तोंड बघावं लागलं नाही ते वेगळंच, वर थोडं सामान उरलं! कंपन्या उगाच जास्तीचं घालून ठेवतात, हे मी बायकोला तेव्हाच समजावून सांगितलं होतं. तिने पटल्यासारखं केलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की पटल्यासारखं करणं छान जमू लागतं.

पुढे गाडीला एक खोड लागली. धावताना छान धावायची. पण उभी करून गिअर काढला, की थरथरायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. याच गाडीत माझी मुलगी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. परीक्षक ‘थांबा’ म्हणाले, ती थांबली, आणि गाडी कायमची थांबली.

“बाबा, गाडीतच काहीतरी आहे. फुस्स असा आवाज येतो हो!”

“इंजिनाचं ऐकू नकोस, पायाचं ऐक! क्लच सोडतेस की पायपुसणं झटकतेस?”

एवढ्यावर न थांबता मी डॅशबोर्डवर कागद चिकटवला: ‘क्लच हळू सोडणे. घाई करू नये.’ चांगल्या गोंदाने!

तिसरी परीक्षा सोमवारी अकराला होती. औषधांच्या एका कंपनीने तिला फिरतीची नोकरी दिली होती. अट एकच, बुधवारपर्यंत लायसन्स दाखवायचं. परीक्षेला गाडी ज्याची त्याने आणायची. आणि रविवारी ही गाडी फाटकापाशी माझ्याच हातून तीनदा बंद पडली! दोष इंजिनात असू शकतो, हे मला तेव्हा मान्य करावं लागलं. माझ्या पायात तो असणं शक्यच नव्हतं.

“मेकॅनिकला बोलवू?” बायको म्हणाली.

“सकाळी नऊला बसतो, दहाला गाडी तयार!”

इंजिनाचं दुखणं शोधायची रीत मी व्हिडिओत पाहिली होती. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं, डॉक्टर छाती तपासतात तसं. कुंड्यांना पाणी घालायला बाटलीला एक काळी नळी लावलेली होतीच, हातभर लांब, बोटाएवढी जाड. ती उपटली, बायकोला अ‍ॅक्सिलरेटरवर बसवलं आणि कान लावला.

“काय ऐकू येतंय?”

“समुद्र!”

नळीतलं कालचं पाणी कानातून निथळल्यावर मात्र स्पष्ट ऐकू आलं. डावीकडे फुस्स, उजवीकडे फुस्स!

“प्लग!” मी निदान केलं. चारही प्लग काढले, पुसले, लावले. त्यांच्या चार वायरी मात्र चुलत बहिणींसारख्या एकाच तोंडवळ्याच्या निघाल्या. कोणती कुठली, ते मी अंदाजाने ठरवलं. चावी फिरवल्यावर गाडीने असा बार काढला की शेजारचं कुत्रं संध्याकाळपर्यंत दिसलं नाही. मग सगळं शांत झालं. उभी असताना बंद पडण्याचा प्रश्न मुळापासून सुटला होता. गाडी आता सुरूच होत नव्हती.

मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती.

“बाबा, दुसऱ्या कोणाची गाडी मागू का?”

“पाच मिनिटं!”

ही पाच मिनिटं मी तिच्याकडून सहा-सात वेळा घेतली. शेवटी तिने फाइल बॉनेटवर ठेवली आणि म्हणाली, “अकरा वाजले.”

तोपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलेल्या बायकोने विचारलं, “मी उतरू का आता?”

उतरून तिने पहिलं काय केलं असेल, तर मेकॅनिकला फोन. तो आला, वाकला, दहा सेकंदांत सरळ झाला.

“साहेब, इथली नळी कुठाय?”

“कुठली?”

“काळी, रबरी. ती नसली की तिथून हवा आत शिरते, मग उभ्या गाडीत इंजिन टिकत नाही. फुस्स आवाज येत असेल ना?”

मेकॅनिकची नजर सावकाश वर चढत माझ्या गळ्यापर्यंत आली. नळी तिथेच लटकत होती.

“ही काय! कोणी काढली हो?”

“थोडं सामान उरलं होतं,” बायकोने त्याला समजावून सांगितलं.

त्याने नळी बसवली, वायरी लावल्या, आणि इंजिन दूध प्यालेल्या मांजरासारखं गुरगुरू लागलं. मुलगी आत बसून डॅशबोर्डवरचा कागद नखाने खरवडत होती. ‘क्लच हळू सोडणे’ निघालं. ‘घाई करू नये’ काही निघेना.

पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. कंपनी काही थांबली नाही. तीन आठवड्यांनी मुलगी त्याच गाडीत, त्याच पायांनी, एका फटक्यात पास झाली. नंतर तिला दुसरी नोकरी लागली, दूरच्या गावी, पहिलीपेक्षा हलकी. “गाडीने सोडतो,” मी म्हणालो. ती बसने गेली.

गेल्या महिन्यात तिच्याकडून पार्सल आलं. पत्र असेल म्हणून मी खोकं उलटं करून झटकलं. नव्हतं. आत एक नवी कोरी हिरवी नळी होती, आणि तिच्या टोकाला दोऱ्याने बांधलेली, तिच्या अक्षरातली चिठ्ठी:

‘ही गाडीची नाही.’